चाळिशीत पुन्हा नववीत

ऑफिसातल्या एका सीनियर बाईंनी विचारलं, "दाईकु करणार का?" आणि मला वाटलं, सुतारकाम. जपानीत दाईकु म्हणजे सुतार. भाड्याच्या घराचं सरकतं दार रुळावरून उतरलं तेव्हा हा शब्द मी शिकलो होतो. मी म्हटलं, "मला हातोडी नीट धरता येत नाही." बाई आधी गोंधळल्या, मग तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की पलीकडच्या टेबलावरची माणसं माना वर करून बघायला लागली.

त्यांचा दाईकु वेगळा होता. 'दाई' हे क्रमांक सांगणारं अक्षर आणि 'कु' म्हणजे नऊ. बीथोवनची नववी सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी रचलेलं चार भागांचं मोठं संगीत. जपानात नुसतं 'नववी' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. आपल्याकडं 'वारी' म्हटल्यावर कुठली असं कुणी विचारत नाही, तसं. डिसेंबर लागला की देशभरातले ऑर्केस्ट्रा हीच एक सिम्फनी वाजवत सुटतात. तिच्या शेवटच्या भागात समूहगान आहे आणि ते गायला पुष्कळ ठिकाणी हौशी माणसं उभी राहतात. पेन्शनर, नर्सा, कॉलेजची पोरं, दुकानदार. या बाई स्वतः अकरा वर्षं गात होत्या, तेही टोकियोतल्या सुमो कुस्तीच्या मैदानात, रियोगोकूच्या कोकुगिकानमध्ये. तिथं फेब्रुवारीत पाच हजार माणसं मिळून नववी गातात, आणि पुरुषांचा कायम तुटवडा. "तुमचा आवाज जाड आहे. मीटिंगमध्ये ऐकलाय," बाई म्हणाल्या. जपानी ऑफिसात ही स्तुती नसते, पण मी ती स्तुती म्हणूनच घेतली.

कोविडच्या आधीची गोष्ट आहे ही. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "आईंनी सांगितलंय मला, नववीत तू गणितात काठावर पास झालेलास. आता चाळिशीत परत बसतोयस होय?"

माझं संगीत म्हणजे टाळ. वाईजवळच्या आमच्या गावात बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि बारावीपर्यंत एकादशीला मी मागच्या रांगेत टाळ कुटायचो. कागदावर लिहिलेलं संगीत कधी वाचलेलं नाही. पुढं मुंबईत सहा वर्षं नोकरी केली. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तेव्हा मी मुंबईतच होतो, मरीन ड्राइव्हवर भेळ खात त्या इमारतीपर्यंत चालत जायचो आणि तिथून मागं फिरायचो. आत जावं असं मनातही आलं नाही. तिकिटाचा प्रश्न नव्हता. कुठं टाळी वाजवायची आणि कुठं नाही हे ज्याला ठाऊक नाही त्यानं जाऊ नये, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

नाव-गाव, स्त्री-पुरुष सोडलं तर फॉर्मवर दोन रकाने होते. आवाज कोणता: बायकांचा वरचा सोप्रानो की खालचा आल्टो, पुरुषांचा वरचा टेनर की खालचा बास. आणि पूर्वी किती वेळा गायलात. दुसऱ्यात मी शून्य लिहिलं. काउंटरवरच्या बाईंचं बोट शून्यावर थांबलं, मग वर सरकून 'पुरुष'वर आलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. ऑडिशन नाही, परीक्षा नाही. फी भरायची, नोटेशनचं पुस्तक विकत घ्यायचं आणि नवशिक्यांच्या वर्गाला यायचं.

फीचं ऐकून बाबा फोनवर गप्पच झाले. "गाणार तू, आन् पैसं बी तूच देणार? आरं, आमाला निदान चा तरी मिळतो."

हसलो तेव्हा, पण बाबांनी नेमकी नस पकडली होती. हे समजायला मला महिनाभर लागला. समजावलं ते शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी. त्यांना मी मनातल्या मनात 'तात्या' म्हणायचो, कारण बसण्याची ढब आणि कानावरचे केस थेट आमच्या तात्यांसारखे. आयुष्यभर छापखान्यात काम केलेले, बासमध्ये वीसेक वर्षं मुरलेले, तरी दर साली नवशिक्यांच्या वर्गाला येऊन बसणारे. ते म्हणाले, युद्ध संपलं तेव्हा ऑर्केस्ट्रांचे खिसे फाटके होते. वर्ष संपताना वादकांच्या घरी नव्या वर्षाची मोची, म्हणजे तांदळाची चिकट वडी, तरी आली पाहिजे, तर मग हमखास हॉल भरेल असं काय वाजवायचं? नववी. तिला मोठा कोरस लागतो, हौशी कोरसला मानधन द्यावं लागत नाही, आणि गाणारा प्रत्येक जण आपली बायको, भाऊ, साडू, शेजारी यांना तिकिटं घ्यायला लावतो. स्टेजवर दोनशे माणसं चढली की खाली हजार खुर्च्या भरल्याच. वर्षअखेरीला नववी ऐकायची सवय त्याआधीच थोडी लागली होती. आज ज्याला एनएचके सिम्फनी म्हणतात त्या ऑर्केस्ट्रानं १९४० सालच्या ३१ डिसेंबरला कंडक्टर जोसेफ रोझेनस्टॉकच्या हाताखाली ती वाजवली आणि रेडिओवरून घराघरांत गेली. पण सवयीचा संसार केला तो युद्धानंतरच्या टंचाईनं.

म्हणजे सगळा हिशेबच की, असं मला वाटलं. तात्यांना त्यात काही गैर दिसत नव्हतं. "ते उपाशी होते म्हणून आम्हाला बोलावलं. आता आम्ही जातच नाही," असं म्हणून ते खुदकन हसले.

तालीम एका साध्या सार्वजनिक हॉलमध्ये असायची. बाहेर बूट काढून चपला घालायच्या, घडीच्या खुर्च्या आपणच मांडायच्या, आपणच उचलायच्या. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, सगळे उजवीकडं वळा. वळलो. पुढच्याच्या खांद्यांवर मुठींनी हलकं हलकं थोपटा. मी जपानात सात वर्षं राहिलो होतो. तोझाई लाइनच्या गर्दीत माणसांना चिकटून प्रवास करणं सोडलं तर कुणा जपानी माणसाला हात लावायची वेळ आली नव्हती. तात्यांच्या स्वेटरवर मी अशा बेतानं थोपटलं जणू पापड वाळत घातलेत. मग डावीकडं वळायचं. आता माझे खांदे कुण्या निवृत्त पोस्टमनच्या ताब्यात. त्यांनी असे रगडले की दिवसभराचं एक्सेल उतरलं.

नंतर भाषा. गाणं जर्मन, शिलर या कवीच्या कवितेचं. वर्गातल्या कुणालाच जर्मन येत नव्हतं, सगळे ओळींवर जपानी काताकाना लिपीत उच्चार लिहीत होते. आणि इथं, आयुष्यात पहिल्यांदा, मला माझ्या लिपीचा माज करायची संधी मिळाली. जपानी लिपीत सुटं व्यंजन जवळजवळ लिहिताच येत नाही. प्रत्येक अक्षराला स्वर चिकटलेला. त्यामुळं 'फ्रॉयडं' या पहिल्याच शब्दाचं 'फुरोइदे' होतं. 'उम्श्लुंगन'चं 'उमुशुरुंगेन' झालं आणि मास्तर दर वेळी कळवळून म्हणायचे, मधले स्वर गिळा, गिळा! मी आपला पेन्सिलीनं शांतपणे जोडाक्षरं लिहीत होतो. शाळेत 'कार्त्स्न्य' शुद्ध लिहिण्यासाठी छड्या खाल्लेल्या माणसाला 'म्श्लुं'चं काय?

पण खरी गंमत पुढं होती. जर्मन शब्दांच्या शेवटी एक तोकडा, अर्धवट उघड्या तोंडाचा स्वर येतो. ना अ, ना ए. वर्ग त्याच्याशी झगडत होता. मी दोनदा ऐकला आणि ओळखलाच. हा तर 'केलं, गेलं, असं, तसं'मधला शेवट! आमच्या अनुस्वाराचा. 'फ्रॉयडं', 'डायनं', 'आलं'. 'आलं मेन्शन वेर्डन ब्र्यूडर', म्हणजे सगळी माणसं भाऊ होतात. ही ओळ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर आजही चहातलं आलं येतं, त्याला इलाज नाही. जादू या अर्थाचा शब्द 'त्साउबर' असा काही तरी होता. तो मी 'चाउबर' लिहिला आणि चमच्यातला च म्हटला. चहातला नव्हे. मास्तरांनी पुस्तकात डोकावून पाहिलं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि वर्गाला सांगितलं की या गृहस्थांकडं यासाठी खास लिपी आहे. मी काही खोडून काढलं नाही.

अर्थात माज फार टिकला नाही. 'श्योनर'मधला तो स्वर देवनागरीत नाही, मराठीतही नाही. ओठ 'ओ'चे ठेवायचे आणि आत जीभ 'ए'ची. आठवडाभर आंघोळ करताना प्रयत्न केला. मुलगी बाहेरून विचारायची, "बाबा, उलटी होतेय का?"

तात्यांकडं याच्यावरही एक किस्सा होता. १९८५ मध्ये कोकुगिकानची नवी इमारत उघडली आणि त्याच फेब्रुवारीत पाच हजारांची पहिली नववी झाली, तेव्हा जवळच्या मुकोजिमाच्या गेइशांनीही, म्हणजे नाच-गाण्यात तयार झालेल्या कलावतींनीही, गायचं ठरवलं. जर्मन पाठ होईना, म्हणून त्यांच्यासाठी उच्चाराशी जुळणारी चिनी अक्षरं शोधून काढली. 'फुरो' म्हणजे न्हाणीघर, 'इदे' म्हणजे बाहेर येणं. आनंदाचा शब्द असा न्हाणीघरातून बाहेर आला. पुढच्या ओळीत कविता, झोप, चंद्र असं काय काय. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग तू तरी वेगळं काय करतोयस, न्हाणीघरातच असतोस की.

सुरांचं मात्र अवघड गेलं. धून ओळखीची होती. मी ती पेटीवर बसवतात तशी वहीत लिहून घेतली: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. पांढरी दोनचा सा. सगळे स्वर शुद्ध, पाचच, लहान मूलही पहिल्या दिवशी वाजवील. वाटलं, जमलं. मग कळलं की चारही आवाज एकत्र आले की ही धून सोप्रानोच्या बायका गातात. बासच्या वाट्याला येतात खालचे आधाराचे सूर. नुसते ऐकले तर यात गाणं कुठंय असा प्रश्न पडावा. गंमत म्हणजे त्यावरच गाणं उभं असतं. भजनात सगळे एकच चाल म्हणतात. बुवा पुढं, आम्ही मागं. इथं शेजारची रांग वेगळंच काही तरी गातेय आणि आपण तिच्या नादी न लागता आपली ओळ धरून ठेवायची. माझं मन सारखं सोप्रानोंच्या मागं पळायचं. तात्या कोपरानं ढोसायचे. शेवटी मी नुसत्या बासची तालमीची सीडी आणली आणि ऑफिसला जाता-येता ती ऐकायला लागलो. मोन्झेन-नाकाचोला गाडी बदलताना तोंडातून 'मिलिओनन' निघून जायचं. जपानात रेल्वेत कुणी बोलत नाही, मग गाणाऱ्याकडं कुणी काय बघणार? फक्त जरा जागा करून द्यायचे.

या सगळ्याची सुरुवात कैद्यांनी केलीय, हे मला अर्धी तालीम झाल्यावर कळलं. पहिल्या महायुद्धात चीनमधल्या त्सिंगताओला जपान्यांनी जे जर्मन सैनिक पकडले, त्यातले हजारभर शिकोकू बेटावर नारुतोजवळच्या बान्दो छावणीत होते. छावणीप्रमुख मात्सुए हा माणूस मोकळा. कैद्यांनी तिथं बेकरी काढली, छापखाना काढला, ऑर्केस्ट्रा काढला. १ जून १९१८ ला त्यांनी अख्खी नववी वाजवली, गायली. छावणीत बायका कुठून आणणार? सोप्रानो आणि आल्टोच्या ओळी पुरुषांच्या आवाजासाठी बदलून घेतल्या. जपानमधली पहिली नववी ती. नारुतोत अजून जूनच्या पहिल्या रविवारी ती गातात. तात्या जाऊन गाऊन आले होते. छापखान्याचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलायचा. कैद्यांनी छापलेले रंगीत कार्यक्रमपत्रिकांचे कागद त्यांनी तिथल्या संग्रहालयात बघितले होते आणि त्या छपाईबद्दल ते मला बीथोवनपेक्षा जास्त वेळ सांगत बसले.

तोवर ऑर्केस्ट्रा म्हणजे आमच्यासाठी एक पियानो आणि तो बडवणाऱ्या एक बाई. खरा ऑर्केस्ट्रा न्यू जपान फिलहार्मोनिकचा. १९७२ मध्ये सेइजी ओझावा आणि नाओझुमी यामामोतो यांनी मिळून उभा केलेला. या ऑर्केस्ट्राचं आणि कोकुगिकान ज्यात आहे त्या सुमिदा वॉर्डचं नातं मला फार आवडलं. १९८८ मध्ये वॉर्डानं आणि त्यांनी करार केला की हे आमचे आणि आम्ही तुमचे. १९९७ मध्ये किन्शिचोला त्यांच्यासाठी त्रिफोनी हॉल उभा राहिला. बदल्यात वादक वॉर्डातल्या शाळांमध्ये जाऊन वाजवतात. म्हणजे महापालिकेच्या वॉर्डाचा स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा! आपल्या वॉर्ड ऑफिसचं चित्र डोळ्यांसमोर आणून बघा, म्हणजे मला काय वाटलं ते कळेल. तात्यांच्या नातवाच्या शाळेत चौघं जण व्यायामशाळेच्या फरशीवर खुर्च्या टाकून वाजवून गेले होते. नातवाला संगीतातलं काही आठवत नाही. चेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या बुडाला टोकदार दांडी असते आणि ती जमिनीत रुतते, एवढंच त्यानं घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून पोरगं टीव्हीवर चेलो दिसला की दांडी शोधतं.

मैदानात पहिल्यांदा पाऊल टाकलं तो दिवस वेगळाच. रियोगोकू स्टेशनबाहेर दोन तरुण पैलवान युकाता, म्हणजे सुती किमोनो, घालून निवांत चालले होते, त्यांच्या केसांच्या तेलाचा गोडसर वास मागं रेंगाळत होता. आत गेलो. कुस्तीचा मातीचा ओटा गायब. तो यंत्रानं जमिनीखाली उतरवतात. त्याच्यावरचं देवळाच्या शिखरासारखं छप्पर, सहा टनांहून जड, ओढून वर आढ्याला नेलेलं. छताखाली चारही बाजूंना विजेत्या पैलवानांची तीन-तीन मीटर उंचीची चित्रं. जिथं कुस्ती व्हायची तिथं व्हायोलिनवाले खुर्च्या सरकवत होते. आमची जागा खालच्या चौकोनी खणांत होती. बूट काढायचे, पिशवीत घालायचे आणि उशीवर मांडी घालून बसायचं. मांडी! तात्यांसह सगळे जपानी आजोबा गुडघे चाचपत होते. मी मात्र एकादशीच्या भजनाला बसावं तसा बसलो. इतक्या महिन्यांत प्रथमच वाटलं, हे काम आपलं आहे.

मग मास्तरांनी जे सांगितलं त्यानं माझं आयुष्यभराचं शिक्षण उलटं केलं. "ऐकू नका," ते म्हणाले. "बघा." समोरच्या बाजूच्या सोप्रानो आमच्यापासून पन्नास मीटरवर असतील. आवाजाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागतो. आपण त्यांचं ऐकून गायलो तर तेवढे मागं पडणार, आपलं ऐकून टेनर आणखी मागं, आणि अख्खं मैदान चिखलातून चालल्यासारखं होणार. म्हणून कान बंद, डोळे कंडक्टरच्या काठीवर. बाबांनी मला टाळ देताना पहिली गोष्ट सांगितली होती ती याच्या बरोब्बर उलटी: डोळे मिटलेस तरी चालंल, कान उघडा ठेव. रात्री त्यांना फोन करून हे सांगितलं. ते विचारात पडले. "म्हणून व्हय त्यो मानूस हात हालवतोय. मला वाटायचं, त्यो नाचतोय."

ऑर्केस्ट्राबरोबरच्या तालमीत मी व्हायचा तो घोटाळा केलाच. शेवटच्या भागात एक बास गायक एकटा उभा राहून म्हणतो, मित्रांनो, हे सूर नकोत. मग तो मोठ्यानं 'फ्रॉयडं!' म्हणतो, म्हणजे आनंद. आणि त्याला पहिलं उत्तर कोरसमधल्या बासनी द्यायचं. सोप्रानो नाही, टेनर नाही. आमचं. त्यानं पुन्हा म्हणायचं, आम्ही पुन्हा. महिनोन् महिने आधाराचे सूर लावणाऱ्यांना मिळालेला हा एक क्षण. मी काठीकडं टक लावून बघत होतो. गायकानं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मी त्याच्या आधीच ओरडलो, "फ्रॉयडं!" एकटाच. अकरा हजारांच्या मैदानात. वाद्यं थांबली. कंडक्टरनी काठी खाली ठेवली, आमच्या बाजूला बघितलं आणि म्हणाले, "तिकडं कुणाला तरी आनंद जरा लवकर झालाय."

सगळं मैदान हसलं. मी उशीवरच्या फुलाच्या नक्षीकडं बघत राहिलो. तात्यांनी समोर बघतच, ओठ न हलवता सांगितलं, "पहिल्या वर्षी मी पण." खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, मी कधी विचारलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पोटात गोळा. काळा सूट, पांढरा शर्ट. बायको आणि मुलगी वरच्या मजल्यावर. पहिले तीन भाग कोरसला काही काम नसतं. पाऊण तास हलायचं नाही, खोकायचं नाही. दुसऱ्या भागात टिंपनी, म्हणजे ऑर्केस्ट्रातले मोठे ढोल, वाजले तेव्हा माझी बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली, ती मी दुसऱ्या हातानं धरली. तिसरा भाग मी सीडीवर कायम पुढं ढकललेला. आपल्या कामाचा नाही म्हणून. तिथं बसून पहिल्यांदा पुरा ऐकला. व्हायोलिनवाले एकच ओळ घेऊन तिला हळूहळू वेली-पानं काढत नेतात, बुवा एखाद्या अभंगाचं चरण घोळवत बसतात तसं. एका ठिकाणी माझ्या तोंडातून 'वा' निघणारच होतं. दाद कुठं द्यायची हा मुंबईतला जुना प्रश्न मग आठवला, आणि लक्षात आलं की इथं द्यायचीच नसते, पण आता ते ठाऊक नसल्याची भीती नव्हती. मी गिळून टाकली. गिळलेली दाद घशात बराच वेळ राहते.

चौथा भाग. उभे राहिलो. पाच हजार माणसं एकदम उठल्यावर जो आवाज होतो तो कापडाचा असतो, गायचा नंतर. गायक म्हणाला, "फ्रॉयडं!" आणि माझा आवाजच फुटला नाही. तोंड उघडं, आत काही नाही. भोवतालून सगळ्या आजोबांचा 'फ्रॉयडं' असा आला की खणाची लाकडी चौकट तळपायांना जाणवली. मग दुसऱ्यांदा गायकानं हाक दिली आणि या वेळी मी होतो.

पुढचं मला सलग आठवत नाही. मोठ्या फ्यूगमध्ये, म्हणजे आवाज एकामागून एक तीच धून घेऊन एकमेकांत गुंफतात तिथं, सोप्रानो वरचा सूर धरून ठेवतात, संपतच नाही, आणि मी आज्ञा मोडून ऐकत राहिलो. त्यानंतर सगळं एकदम शांत होतं आणि बास एकटेच, अगदी हळू, 'ईर श्ट्युर्झ्ट नीडर' म्हणतात. कोट्यवधी माणसांनो, तुम्ही गुडघे टेकता का, असा प्रश्न आहे तो. तात्यांचा आवाज तिथं थोडा कापला. वय असेल. बाहेर आलो तेव्हा माझ्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला की ते ढोलवाले काका मधे इतका वेळ नुसते का बसले होते. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं त्रिफोनी हॉलला गेलो, केवळ टिंपनीवाल्याला जवळून बघायला. तिथं सगळ्यात मागच्या रांगेत निम्मी तोंडं ओळखीची होती.

ऑफिसात व्हायोलिन वाजवणारा एक सहकारी आहे, कानाचा पक्का. तो म्हणतो, पाच हजारांचं जे काही होतं ती जत्रा आहे, संगीत नव्हे. त्या घुमटात बीथोवनचं एक वाक्य धड ऐकू येत नाही. खरंय त्याचं. मी बास असून मला चेलोची ओळ कधी ऐकूच आली नाही. ओसाकात तर १९८३ पासून दहा हजार जण गातात, तिथं काय होत असेल देव जाणे. पण हा मित्र त्रिफोनीला वर्षातून एकदा येतो, आणि आमच्या वर्गातला तो निवृत्त पोस्टमन दर महिन्याला. जत्रेला गेल्याशिवाय देवळात कोण जातं, असं मी त्याला जपानीत सांगायचा प्रयत्न केला. नीट जमलं नाही. त्याला वाटलं, मी धर्मावर बोलतोय.

कार्यक्रमाची डीव्हीडी गावी पाठवली. बाबांनी ती शेजारच्या पोराच्या लॅपटॉपवर भजनी मंडळाला दाखवली, एका रात्री, पारावर. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"दिसलो का?" मी विचारलं.

"दिसलास की. त्या म्हाताऱ्याच्या बाजूला. आवाज काय तुझा वेगळा कळला न्हाय, पर तोंड बराबर हालत हुतं." मग जरा थांबून म्हणाले, "एकदाच तेवढं नुसतं उघडं ऱ्हायलं. पहिल्या हाकेला. ते आमच्या बुवांनी वळखलं."